रविवारचा वाटा

पारूबाईनं तांब्या पुढे केला तसा शहादेवनं तो दोन्ही हातांनी धरला. टँकर चार दिवसांनी आला होता. पाणी सांडलेलं बरं दिसलं नसतं. दोन घोट पिऊन त्यानं तांब्या हळूच खाली ठेवला. चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास होता.

"दादा, तुमच्यासाठी पिठलं टाकते," पारूबाई म्हणाली. "तुमी खात न्हाईत, ठावं हाय आमाला."

"घाई न्हाई. सत्यभामा कुठंय?"

"वाटण वाटायलीय मागं. येईल."

त्या सकाळी बौद्ध वस्तीत बंकटनं आपलं बोकड कापलं होतं. चारा छावणीत मोठीच जनावरं घेत, शेळ्या-बोकडांना तिथं जागा नव्हती, आणि पाटोद्याच्या बाजारात कुणी धड भाव करत नव्हतं. पाच घरांनी वाटे घेतले, त्यातला एक पारूबाईचा.

शहादेव वाट्यासाठी आलेला नव्हता. गावच्या दूध संस्थेत तो बावीस वर्षं दूध तपासत होता. महिनाअखेरीला त्याची नोकरी संपणार होती आणि त्याच्या जागी पारूबाईच्या मुलीची, सत्यभामाची, निवड झाली होती. ती सोमवारपासून त्याच्या हाताखाली शिकायला येणार होती. आदल्या दिवशी चेअरमन सुंदररावांनी त्याला बाजूला घेतलं होतं.

"पोरगी हुशार हाय. पण तुमी तिला तेवढं समजून सांगा, शहादेवराव. तुमच्यासारखं राहिली तर लोकाचा भरोसा बसंल."

'तुमच्यासारखं' म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं.

शहादेव चौऱ्याण्णव साली दुधातल्या फॅटचा आकडा काढायचं शिक्षण घेऊन मुलाखतीला आला, तेव्हा संचालकांत कुजबुज झाली होती. या बौद्धाचा हात दुधाला लागणार. सुंदरराव तेव्हा तरुण होते, नवे चेअरमन होते. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "का रे, मटण-मच्छी खातोस का?" शहादेवनं एका संचालकाच्या तोंडाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "न्हाई साहेब." तोवर तो खात होता. त्या दिवसापासून त्यानं खरंच सोडलं. घरी शिजू दिलं नाही, बहिणीच्या लग्नात पंगतीला बसला नाही. पुढे त्याचं नाव झालं. त्यानं काढलेल्या फॅटवर कुणी वाद घालत नसे. 'त्यांच्यातला असून माळकऱ्यासारखा राहतो,' असं लोक त्याच्यादेखत म्हणत, आणि तो ते ऐकून घेई. कधीकधी त्याला ते आवडेही.

सत्यभामा ओल्या हातानं आत आली. वाटण पातेल्यात सोडून तिनं झाकण ठेवलं आणि समोर येऊन बसली.

"सुंदररावनं पाठिवलंय ना, मामा?"

"हां."

"काय म्हणले?"

त्यानं सांगितलं. शब्द फिरवले नाहीत. ती मान खाली न घालता ऐकत होती.

"म्हंजी मटण सोडायचं."

"लोकाला तसं सांगायचं. घरात..." तो थांबला. घरात काय, हे त्याला सांगता येईना. घरातही त्यानं कधी धीर केला नव्हता.

"सुंदरराव खात न्हाईत का?"

"खातात की."

"आन रोज दूध घालणारे भगवानराव?"

"त्ये बी खातात."

"मग त्यांच्या हातानं दूध बाटत न्हाई का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. पुस्तकातलं न कळलेलं गणित विचारावं तसं तिनं विचारलं होतं. शहादेवनं पायाजवळचा तांब्या उगाच सरळ केला. बावीस वर्षांत त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मोठ्यानं बोललेलं तो पहिल्यांदा ऐकत होता.

"मी तर खाते," सत्यभामा म्हणाली. "कुणी इचारलं तर खाते म्हणूनच सांगीन. त्याच्यानं नोकरी जात असंल तर आत्ताच सांगा."

पारूबाई बेसनाचा डबा हातात घेऊन चुलीपाशी थांबली होती. तिनं मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पारूबाई," शहादेव म्हणाला, "पिठलं टाकू नका."

"मग?"

"जे हाय त्येच वाढा."

पारूबाईनं डबा फळीवर ठेवला आणि तिसरी ताटली घेतली.

रस्सा तिखट होता. पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं. पोट उलटेल, मन खाईल, असं काहीबाही त्याला वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. ज्वारीची भाकरी होती, मीठ बरोबर पडलं होतं आणि त्याला भूक लागली होती. अर्धी भाकरी संपल्यावर त्यानं विचारलं, "नळी हाय का?"

पारूबाई हसली आणि पळीनं पातेलं ढवळून तिनं नळी शोधून काढली.

जेवण झाल्यावर सत्यभामानं विचारलं, "मग काय सांगणार सुंदररावला?"

"त्ये माझ्यावर सोड," तो म्हणाला. "तू सहाला ये."

संध्याकाळी पाटोद्याला घरी पोचला तर बायको दगडाबाई दारातच गहू निवडत बसली होती. तो जवळून गेला तशी तिनं मान वर केली.

"कुणाकडं जेवलात?"

"पारूबाईकडं. मटण होतं."

दगडाबाईनं सुपातला एक खडा काढून टाकला. "रश्शात दाटपणाला येसर घातलं होतं का?"

"असंल. मला काय ठावं."

"आईकडं गेले की मी घालते," ती म्हणाली. "लई चांगलं लागतं."

शहादेव दारात उभाच राहिला. वर्षातून चार वेळा ती माहेरी जात असे. तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. "पुढच्या रविवारी इथं कर," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

सोमवारी सकाळी संस्थेच्या ओट्यासमोर अकरा कॅन होते. पाऊस धड होता तेव्हा चाळीसच्या वर असत. सत्यभामा सहाच्या आधीच आली होती. शहादेवनं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूला उभा राहून पहिल्या चार कॅनचे नमुने तिच्याकडून तपासून घेतले. तिचा हात स्थिर होता. तेवढ्यात सुंदरराव आले.

"सांगितलं का तिला?" त्यांनी हळू विचारलं.

"सांगायला गेलतो," शहादेव म्हणाला. त्यानं आवाज बारीक केला नाही. "त्यांच्याकडं मटण होतं. मी बी जेवून आलो."

रांगेतल्या माना वळल्या. पाचवा नंबर भगवानरावांचा होता. त्यांनी शहादेवकडे पाहिलं, खुर्चीतल्या पोरीकडे पाहिलं, कॅन उचलला आणि मोटारसायकलला बांधू लागले. रस्त्यावरच्या खासगी डेअरीकडे गाडीचा आवाज जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग वत्सलाबाई रांगेतून पुढे आल्या, त्यांनी आपला कॅन ओट्यावर ठेवला आणि पदरानं कपाळ पुसलं.

"घे गं बाई लवकर. ऊन चढायलंय."

सत्यभामानं झाकण काढलं.

सुंदरराव गेलेल्या गाडीच्या धुळीकडे बघत होते. "शहादेवराव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता, "इतकी वर्सं झाली. मी तुमाला कधी खाऊ नका म्हणालतो का?"

शहादेवनं खरंच आठवून पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तुमी नुसतं इचारलं होतं."

सुंदररावांनी खुर्चीतल्या सत्यभामाकडे पाहिलं.

"हिला तेवढं इचारू नका," शहादेव म्हणाला आणि पुढचा कॅन ओढायला वाकला.