जोडीतला डावा

डावीकडचा स्पीकर मंद वाजत होता आणि मला तो स्पीकरच खराब असायला हवा होता. बावीस वर्षं मी होम थिएटर बसवतोय, पण गिऱ्हाइकाचा नवाकोरा स्पीकर बिघडलेला निघावा म्हणून मी कधी देवाला हात जोडले नव्हते. त्या शनिवारी जोडले. कारण स्पीकर चांगला असेल तर मग बिघडलंय काय, याचा मला वास आला होता आणि त्या वाटेला मला जायचंच नव्हतं.

करंजाड्याला केतन घरतने नवा बंगला बांधला. रविवारी घरभरणी, दोनशे पान जेवायला, आणि पाहुण्यांना दाखवायला वरच्या मजल्यावर थिएटरची खोली. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात धमधम करणारा एक मोठा डबा. यातले समोरचे डावा-उजवा अगदी जुळे लागतात. दोघांचा आवाज जरा जरी वेगळा आला, तर पडद्यावर डावीकडून निघालेली मोटार उजवीकडे पोचेपर्यंत दुसरीच मोटार वाटते. हे सगळे एका सुरात आणणं म्हणजे माझं काम. अॅम्प्लिफायरच्या खोक्यात त्यासाठी एक छोटा माईक येतो. तो मधल्या खुर्चीवर ठेवला की मशीन आपलं आपण मोजून घेतं. आजकालची पोरं तेच करतात, वर स्वतःला एक्स्पर्ट म्हणवतात. मी तो माईक प्लॅस्टिकमधून बाहेरसुद्धा काढत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की कानाला हात लावून सांगतो, माझा माईक इथे आहे. पनवेलपासून उरणपर्यंत लोक दिनानाथला त्या कानासाठीच बोलावतात. दुसरं माझ्याकडे आहे काय? धड शिक्षण नाही, दुकान नाही.

दहा दिवसांपूर्वी पहिली जोडी लावली तेव्हाच डावा बसल्यासारखा वाटला होता. टेस्टसाठी एक फसफस आवाज सोडतात, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते ना, तशी. ती एकेका स्पीकरमधून फिरते. उजवीकडे लख्ख आली, डावीकडे कुणी वर गोधडी टाकावी तशी. माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तिथल्या तिथे आम्हा फिटर लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सांगून मोकळा झालो की स्वानंद जोड्या फोडून विकतो, एक नवा माल आणि एक जुना. मुंबईचा हा स्वानंद माझ्या लग्नात अक्षता वाटायला उभा होता. माझ्याकडचे निम्मे स्पीकर त्याच्याच दुकानातून येतात. त्याने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. दुसरी जोडी पाठवून दिली, लागोपाठच्या नंबरांची, सील न फोडलेली.

ती जोडी मी त्या शनिवारी दुपारी लावली. फसफस सोडली. डावा मंदच.

केतनला मी सांगितलं की वायरमध्ये लोचा असणार. तो बिचारा खाली मंडपवाल्याशी भांडत होता, म्हणाला, दिनाकाका, काय ते करा पण उद्या माझी लाज राखा. खोलीत मी आणि केतनची आई जनीमावशी एवढेच उरलो. मावशी सत्तरीची. सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसली होती आणि मी काय करतो ते बघत होती. मला कुणी असं बघितलेलं आवडत नाही, पण तिच्या घरात तिला काय सांगणार.

वायर बदलली. डावा मंद. अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे डावी-उजवी जोडणी उलटी केली. डावा मंद. मग दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. मघाशी लख्ख वाजणारा उजवा आता डावीकडे आला होता आणि तोही मंद झाला. एसी चालू होता, तरी माझ्या पाठीवरून घामाची धार लागली. डावीकडच्या भिंतीला मखमली पडदा आहे, तो आवाज खात असेल, म्हणून तोही गुंडाळून बांधला. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी माझं मलाच हसू आलं, पण त्या हसण्यात दम नव्हता.

आता एकच तपासणी उरली होती. तिला ना स्क्रू ड्रायव्हर लागतो ना वायर. फक्त खुर्ची उलटी करून पडद्याकडे पाठ करायची. बिघाड सामानात असेल तर तो जिथल्या तिथे राहतो. माणसात असेल तर माणसाबरोबर फिरतो.

खुर्चीवर हात ठेवून मी किती तरी वेळ उभा होतो. महिन्यापूर्वी आंघोळ करताना डाव्या कानात दडा बसला, तो सुटलाच नाही. पाणी गेलं असेल म्हणून मी कोमट तेल घातलं, उड्या मारल्या. बायकोने, सुमतीने, डॉक्टरकडे चला म्हणून चारदा टुमणं लावलं, चारही वेळा मी तिच्यावर खेकसलो. पनवेलात कानाच्या डॉक्टरच्या बाकड्यावर मला कुणी ओळखीच्याने पाहिलं असतं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. मला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी.

खुर्ची फिरवली. बसलो. फसफस सुरू केली.

पाठीमागून आवाज आला. डावा स्पीकर आता माझ्या उजव्या हाताला होता, आणि तो लख्ख वाजत होता. मग आवाज दुसरीकडे सरकला आणि त्याच्यावर गोधडी पडली. मी मान सरळ धरून पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. रिमोट मांडीवर तसाच राहिला आणि फसफस फिरत राहिली.

जनीमावशी उठली. येऊन माझ्या उजव्या बाजूला बसली.

"तुजा डावा कान ऐकत नाय ना रं?"

मी रिमोट दाबून फसफस बंद केली.

"माजा बी डावाच हाय. ल्हान होतू तवा फुटला. मगाधरनं तू मान वाकरी करतंस, तशीच मी करतंय. म्हून तं मी त्या टोकाला बसतंय, समदी माझ्या उजव्याला येतान." जरा थांबून ती म्हणाली, "मला ताप आलेला. तुला काय झाला?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. महिनाभर कुणालाही न सांगितलेलं मी त्या बाईला सांगून टाकलं, पाण्यापासून तेलापर्यंत. ती रागावली नाही, धीरही दिला नाही. महिना झाला आणि अजून दाखवला नाहीस, एवढंच म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

मग मी अॅम्प्लिफायरचं खोकं उघडलं. तळाशी प्लॅस्टिकमध्ये तो माईक होता, करंगळीएवढा. खुर्चीवर उशा रचून तो कानाच्या उंचीला ठेवला आणि दोघं भिंतीला टेकून गप्प उभे राहिलो. मशीनने एकेका स्पीकरला बोलतं केलं. पाच मिनिटांत पडद्यावर डाव्याच्या आणि उजव्याच्या आवाजाची रेघ उमटली, एकीवर दुसरी ठेवावी तशी. जोडी जुळी होती. पहिलीही जुळीच असणार.

केतनचं काम झालं होतं. माझं राहिलं होतं.

ग्रुपवर आधी लिहिलं, की स्वानंदचा माल चोख आहे, चूक माझी. मग त्याला फोन लावला. एरवी माझा फोन कायम स्पीकरवर असतो, हात कामात असतात म्हणून. त्या दिवशी मावशीसमोर शरम वाटली म्हणून स्पीकर बंद करून कानाला लावला, जुन्या सवयीने डाव्या. रिंग अस्पष्ट येत होती. मग ती थांबली आणि पलीकडे काहीतरी पुटपुटणं सुरू झालं. मला वाटलं, तो रागाने तोंडातल्या तोंडात बोलतोय, आणि त्याने का बोलू नये? मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं आणि फोन उजव्या कानाला नेला.

"दिना, अरे बोल की," स्वानंद म्हणत होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात राग नव्हता. "मघापासून हॅलो हॅलो करतोय. ऐकू येत नाही का तुला?"

"नाही येत," मी म्हणालो. "डाव्या कानाने नाही येत, स्वानंद."