मातीवर ओतलेलं घर

शहराबाहेर, लिम चू कांग भागाच्या टोकाला, खारफुटीच्या आड, ते घर रस्त्यावरून दिसायचंच नाही. दिसलं की मात्र माणूस जागच्या जागी थबकायचा. पालथी घातलेली भलीमोठी शिंपली. आत ना खांब, ना कोपरा. मिसेस लिमच्या नवऱ्याने मातीचा ढीग रचला, त्याला आकार दिला, वर काँक्रीट ओतलं आणि ते घट्ट झाल्यावर खालची माती उपसली. "चार महिने बादल्या मी वाहिल्या," म्हातारी सांगायची. आता ती तिथे एकटीच राहायची आणि पुतण्याला ती बाहेर हवी होती. म्हणून घर धोकादायक ठरायला हवं होतं. ते ठरवायचं पुतण्याने दिलेलं काम इंजिनिअर नागसेनकडे आलं.

त्याने घर हातोडीने वाजवून पाहिलं. काँक्रीट असंच तपासतात. खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत पोकळ. बेचाळीस जागा वाजवल्या. एकोणचाळीस खणखणल्या. समुद्राकडच्या तीन बद्द वाजल्या, त्याही आठवड्याभरात दुरुस्त होतील अशा.

"तीन पुरेत," वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात प्रताप म्हणाला. प्रताप पुण्याचा, नागसेनचा साहेब. "खोटं लिही कोण म्हणतंय? खरंच लिही. फक्त निवडून लिही."

"आणि बाकीच्या एकोणचाळीस?"

"हे बघ, तुम्हा लोकांना ऊठसूट मोर्चा काढायची सवय. इथे मोर्चे नसतात. तुझा इथला कामाचा पास संपत आलाय आणि रिन्यूअल माझ्या टेबलावरून जातं. दीक्षाला काय सांगशील मग?"

तुम्हा लोकांना. हे शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, समुद्र ओलांडला तरी ऐकलंच. पूर्वी रक्त उसळायचं. आता काहीच झालं नाही. त्याने अहवालात तीन जागा लिहिल्या, तीन फोटो लावले, बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटवर गेला, जेवला. भाजी कशी झालीय असं बायकोने, दीक्षाने, विचारलं, तेव्हा कोणती भाजी खाल्ली तेच त्याला आठवेना.

शुक्रवारी सकाळी दोघं अहवाल घेऊन म्हातारीकडे गेले. मिळाल्याची तिची सही हवी होती. तिचा चष्मा फुटलेला, म्हणून नागसेननेच वाचून दाखवलं. प्रतापने पेन पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"इंजिनिअर, घर तू वाजवलंस ना? मग एवढंच सांग. आज रात्री मी इथे झोपू का?"

छताखाली माणूस झोपणार असेल तर उत्तर खरं द्यायचं, एवढं एकच त्याच्या अंगात मुरलं होतं. धाडसबिडस काही नाही. बधिर तोंडातून ते आपसूक निघालं.

"झोपा."

"उद्या?"

"उद्याही झोपा. वीस वर्षं झोपा. तीन जागा तेवढ्या दुरुस्त करून घ्या."

"वीस कशाला? मी ब्याऐंशीची आहे," म्हातारी म्हणाली आणि तिने कागद परत सरकवले. "जे बोललास ते लिहून दे."

प्रताप तिच्याकडे बघून गोड हसला. हसतहसतच मराठीत पुटपुटला, "बॅगा भर, भडव्या."

नागसेनने सॅकमधून कोरा कागद काढला.  

"मिसेस लिम," त्याने विचारलं, "लिहायला टेबल कुठंय?"