जावेची वेगळी खोली

धाकट्या जावेचं, सरस्वतीचं, ऑपरेशन नौपाड्यातल्या नर्सिंग होममध्ये झालं. वेगळी खोली, वर रंगीत टीव्ही! भेटून आल्यापासून रंगूबाईंचा नुसता जळफळाट चालला होता.

"तिच्यासारखं मेडिक्लेम मलाही हवं!"

"अगं, मी रेल्वेतून रिटायर झालोय. आपल्याला कल्याणचं रेल्वे हॉस्पिटल फुकट आहे," नवरा म्हणाला.

"म्हणजे मी तिथे रांगेत बसू, आणि ती मेली राणीसारखी लोळणार?"

शेवटी डोंबिवलीच्या घरी विमा एजंट आला. रंगूबाईंनी त्याच वेळी सरस्वतीला मुद्दाम चहाला बोलावलं. बघू दे की तिलाही!

"काही आजार?" फॉर्म भरता भरता एजंटाने विचारलं.

जावेसमोर शुगरचं नाव कोण काढणार? "छे! साधी गोळी घेत नाही मी."

सरस्वती हळूच म्हणाली, "जाऊबाई, काही असेल तर लिहा. मी शुगर लपवली होती. कंपनीने छदाम दिला नाही. सगळं बिल आम्हीच भरलं."

"कशातून?" रंगूबाई खेकसल्या.

सरस्वतीने पदराखालचे हात पुढे केले. तीस वर्षं रंगूबाईंच्या डोळ्यांत सलणाऱ्या सोन्याच्या पाटल्या तिथे नव्हत्या. त्या खोलीतला टीव्ही बघण्याच्या नादात त्यांना हे दिसलंच नव्हतं.