पिवळ्या टोपीचा तांडेल

“काका, शेवटचं विचारतो. टोपी लाल की पिवळी?”

सीवूड्सच्या सोसायटीतल्या क्लबहाऊसमध्ये टेबलाभोवती सात-आठ जण बसले होते आणि सगळे धनेश भोईरकडे बघत होते. टेबलावर जुन्या चित्रकथांचे अंक पसरलेले, प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. प्रश्न विचारणारा प्रितेश लॅपटॉप उघडून बसला होता. पोरगा सॉफ्टवेअरमधला, पण जीव सगळा या अंकांत. मराठी चित्रकथांमधलं कोणतं पात्र पहिल्यांदा कोणत्या अंकात, कोणत्या पानावर दिसलं, याची यादी तो चार वर्षं जुळवत होता. आज ती पक्की व्हायची होती आणि ‘लाल तांडेल’ या नाखव्याच्या पात्रापाशी घोडं अडलं होतं.

“पिवळी,” धनेश म्हणाला.

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, “अहो काका, त्याचं नावच लाल तांडेल आहे!”

“नाव असंल. मी पिवळी बगितलीय. आनि दिवाळीच्या अंकात नाय. त्याच्या आदी, वैशाखात.”

प्रितेशने समोरची पिशवी उचलली. ‘गलबत चित्रमाला, अंक २३, दिवाळी १९८२.’ पान अकरा: वादळात सापडलेली होडी, डोलकाठीला बिलगलेला लहान राजकुमार आणि त्याला हात देणारा लाल टोपीचा तांडेल. “काका, याच्या आधीचे बावीसच्या बावीस अंक मी चाळलेत. त्यात तांडेल नाही. तुम्ही म्हणता तो अंक जगात कुणाकडेच नाही. आठवणी मिक्स होतात हो. लहान होतात ना तुम्ही?”

“सहा वर्षांचा व्हतो.”

“मग?”

धनेश मिशी चोळत राहिला. त्याच्या बाबतीत गेली तीस वर्षं हे असंच होत आलं होतं.

धनेश पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. ठरल्या वेळी रस्त्याकडेचं झाकण उघडायचं, लांब दांड्याची चावी घालून फिरवायची आणि सेक्टरला पाणी सोडायचं. ज्यांच्या टाक्या तो भरायचा त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. पाणी आलं नाही की मात्र सगळ्यांना त्याची आठवण यायची. सुट्टी मिळाली की तो तुर्भ्याच्या रद्दीच्या गोदामांत जाऊन ढिगात हात घालायचा. बायको योगिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “दुसऱ्यांचं नवरं रद्दी इकतान, आमचा इकत आनतो.” बाराशे अंक जमले होते. लोकांना वाटे, छंद आहे. छंदबिंद काही नव्हता, त्याला एकच अंक हवा होता आणि बाकीचे तो शोधताना आपोआप गोळा झाले होते.

तो का हवा होता, ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आई, म्हणजे शांती, तेव्हा करावे गावातून एस.टी.ने ठाण्याला जाऊन सुकी मासळी विकायची. सुकट बांधायला तिथल्याच बाजारातून रद्दी आणायची. त्या रद्दीतलं एक मोठं रंगीत पान सदूने उचललं होतं. सदू त्याचा थोरला भाऊ, चौदा वर्षांचा. ओट्यावर बसून त्याने धनेशला मांडीत घेतलं, पान पसरलं आणि वाचून दाखवलं. त्याचं बोट चित्रावरून सावकाश फिरत होतं, अक्षरांखालून आणि लाटांवरूनसुद्धा. पानाला सुकटीचा वास होता. होडी होती, रडणारा पोरगा होता आणि पिवळ्या टोपीचा माणूस त्याला म्हणत होता, “रडू नको रं धना, मी हाय ना.”

ज्येष्ठात सदूला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा फोटो नव्हता. चेहरा धनेशला आठवत नसे, कितीही डोळे मिटले तरी आठवत नसे. आठवायचा तो एवढा एक आवाज.

आणि आता हे यादीवाले म्हणत होते, तांडेल दिवाळीत जन्मला. दिवाळीत तर सदू नव्हता. तांडेल दिवाळीचा असेल, तर वैशाखात ओट्यावर कुणी काय वाचलं? की कुणीच काही वाचलं नव्हतं आणि ते सगळं आपणच नंतर मनाने रचलं? भाऊ एकदा गेला होता, तो दुसऱ्यांदा जाईल याची त्याला भीती वाटायची.

प्रितेश तसा मनाचा चांगला. निघताना त्याने धनेशला जिन्यापाशी गाठलं. “काका, टेन्शन घेऊ नका. ‘गलबत’ ठाण्याला छापायचे ना, त्या छापखान्यातले एक मशीनवाले दिघ्याला राहतात. आप्पा म्हणून. मी पत्ता काढलाय. हा अंक घेऊन जा आणि विचारून या. यादी मी आठवडाभर थांबवतो.”

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून धनेश दिघ्याला गेला. डोंगराच्या अंगाला चढत जाणारी वस्ती, त्यात तिसऱ्या गल्लीत आप्पांची खोली. आप्पा मूळचे साताऱ्याकडचे, सत्तरीला टेकलेले. त्यांनी अंक पिशवीतून काढला, डोळ्यांना लावायच्या आधी नाकाला लावला आणि मग हसले.

“तेवीस नंबर. आरं, ह्यो मीच छापलाय की.”

“दिवाळीला ना?”

“दिवाळीला कुटलं! वैशाखात. मला चांगलं याद हाय, माझं लगीन हुतं. मालकाकडं रजा मागितली तर म्हनला, आदी तेवीस छाप आन् मग बोहल्यावर चढ. हळद लागायच्या दिवशी माझी बोटं शाईनं काळी.”

“मग अंक दिवाळीला कसा आला?”

“आतली पानं झाली, पर वरच्या कव्हराचा कागद मिळंना. पडून ऱ्हायली पानं गोदामात, पावसाळाभर. कव्हार झालं तवा दिवाळी आली. मालक म्हनला, बरं झालं, दिवाळी अंक म्हनून टाकू.”

धनेशने पान अकरा उघडलं. “आप्पा, ह्या मानसाची टोपी पिवळी कधी छापली होती का?”

आप्पा पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

“कावीळवाला ताव!”

“म्हंजे?”

“आमी तसं म्हनायचो. आवं, आमचं मशीन एका रंगाचं. आदी पिवळा छापायचा, मग त्योच ताव पुन्यांदा घालून लाल, मग निळा, शेवटाला काळा. पिवळ्यावर लाल बसला की झाली लाल टोपी. पर कवातरी दोन ताव चिकटून आत जायचं. वरच्याला लाल बसायचा, खालचा तसाच ऱ्हायचा. मग टोपी पिवळी, तोंडं पिवळी, समदे कावीळ झाल्यावानी.” आप्पांना खोकल्यासकट हसू आलं. “असला ताव गिऱ्हाइकाला देता येत न्हाय. छाटून रद्दीत टाकायचो. ती त्याच आठवड्याला मासळी बाजारात जायची. बाया सुकट बांधाया न्यायच्या.”

“त्याच आठवड्याला? वैशाखात?”

“मग! रद्दी कुनी सांभाळून ठेवतं व्हय?”

धनेशने दोन्ही हातांनी आप्पांचे पाय धरले. आप्पा गडबडले, रद्दीबद्दल कुणी पाया पडेल असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या पिवळ्या टोपीवरून लोक त्याला हसत होते, त्याच टोपीने त्याला खरं ठरवलं होतं. पान होतं. वैशाखात ते घरात आलं होतं. सदूने ते वाचलं होतं.

आनंदात त्याने पान पुन्हा बघितलं, आणि तिथेच तो चक्रावला. पान तेच असेल, तर शब्दही तेच हवेत. तांडेलाच्या तोंडाशी छापलं होतं: ‘राजकुमार, भय सोडा! सागर शूरांना गिळत नाही!’ धना नाही, रडू नको नाही, काही नाही. आजवर तो याच शब्दांवरून समजून चालला होता की आपला अंक वेगळा आहे.

“आप्पा, छापताना मधेच शब्द बदलायचे का?”

“शब्द काळ्या शाईत. ती एकदाच, शेवटाला. कावीळवाल्या तावावर बी हेच शब्द असनार. ते कसं बदलतील?”

उतरणीवर धनेशला दोनदा ठेच लागली. टोपी खरी आणि शब्द खोटे, हे कसं काय? अर्धी आठवण खरी आणि अर्धी मनाची असते का? आणि अर्धी मनाची असेल तर नेमकी कोणती, आवाजाची? येताना त्याला जेवढं कळत होतं तेवढंही आता कळेनासं झालं.

तो करावेला पोहोचला तेव्हा उन्हं कलली होती. ओट्यावर शांती सुपात सुकट निवडत बसली होती. विकणं कधीच सुटलं होतं, घरापुरतं निवडणं मात्र तिने कुणाला करू दिलं नव्हतं. घरात सदूचं नाव निघत नसे. बापूस होता तोवर त्याने काढू दिलं नाही, आणि नंतर ती सवयच झाली. धनेश तिच्यासमोर बसला आणि बेचाळीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

“आये, सदू मना ह्या ओट्यावं बसून वाचून दाखवाचा, तुना आठवतं?”

तिचे हात थांबले नाहीत. धनेशला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

“सदूला कुठं वाचाला येत व्हता?” ती म्हणाली.

“काय?”

“पयलीत मास्तरानं मारला, तवापासून सालंचं तोंड नाय बगितला त्यानं. बापसाबरोबर खाडीवं जायाचा. त्याला एक अक्षर नवता येत.” तिने सुपातला एक खडा काढून लांब फेकला. “पन तुजे म्होरं लय शानपन करायचा. कागूद धरायचा, बोट फिरवायचा नि सांगत बसायचा कायबाय मनाचा. मी आतून हसाची. मी म्हनलं, करू दे.”

धनेशने हातातल्या अंकाच्या पिशवीकडे बघितलं.

सदूचं बोट लाटांवरून फिरायचं. जिथे अक्षरच नव्हतं तिथूनही फिरायचं, कारण सदूला अक्षर कुठे संपतं आणि लाट कुठे सुरू होते ते ठाऊक नव्हतं. राजकुमार, शूर, सागर यातलं त्याला काहीच वाचता येत नव्हतं. त्याने होडीतला रडका पोरगा बघितला आणि त्याला मांडीवरच्या भावाचं नाव दिलं. ते वाक्य कुठल्याच अंकात नव्हतं. तीस वर्षं धनेश ते रद्दीच्या ढिगात शोधत होता आणि ते सदूचं स्वतःचं होतं.

त्याला रडू आलं. आईसमोर, भर गल्लीत, पन्नाशीला आलेला माणूस रडला. शांतीने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा सुपात हात घातला.

फोन वाजला. प्रितेश होता. “काका, भेटले का आप्पा? काय म्हणाले? यादीत काय लिहू?”

धनेशने नाक पुसलं. कावीळवाल्या तावाची गोष्ट सांगितली असती तर प्रितेश खुर्चीतून उठून नाचला असता. यादीत खाली बारीक अक्षरात टीप आली असती, शेजारी धनेश भोईर हे नावही. पण टीप आली की ते पान कुणी वाचून दाखवलं, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्याला यादीत द्यायचं नव्हतं.

“अंक तेवीस लिव. दिवाळी. पान अकरा. लाल टोपी.”

“नक्की? मग तुमचा पिवळा?”

“तो कुठल्या अंकात नाय आला रे.”

फोन ठेवून त्याने अंक पिशवीतून काढला आणि पान अकरा आईपुढे धरलं. तिने सूप बाजूला सारलं, साडीला हात पुसले आणि चष्म्याशिवायच्या डोळ्यांनी ती होडीकडे, पोराकडे, टोपीवाल्याकडे बघू लागली.

“ह्यो कागूद?”

“ह्योच. ह्याची टोपी पिवली व्हती.”

“काय सांगाचा तो?”

धनेशने छापलेल्या शब्दांवर अंगठा ठेवून ते झाकले. मग दुसऱ्या हाताचं बोट सावकाश लाटांवरून फिरवत त्याने वाचलं, “रडू नको रं धना, मी हाय ना.”

शांतीने पदर तोंडाला लावला. मग लहान पोराने विचारावं तसं विचारलं, “फुडं?”

“फुडं नाय गो आये,” धनेश म्हणाला. “एकच पान व्हता.”