कुणाचा उजवा?

अरे, तुम्ही सगळे त्या देवळापुढून गेलेले असणार, फक्त लक्ष गेलं नसणार. चाकूरच्या अलीकडं फाट्यावर जे गाव लागतं ना, तिथलं वीरभद्राचं देऊळ. तिथं कौल लावतात. म्हणजे स्वामी, तिथला पुजारी, आत जाऊन देवाच्या मुकुटावर कण्हेरीचं ओलं फूल चिकटवतो, आपण बाहेर हात जोडून मनातली गोष्ट बोलायची आणि थांबायचं. फूल उजवीकडं पडलं तर हो, डावीकडं पडलं तर न्हाई. लग्न असो, बोअर असो, पोराची अॅडमिशन असो, गावाचा निकाल तिथंच लागतो.

त्या गावातली ही मंजुश्री. बी.ए. झालेली, आणि पुढं नांदेडला जाऊन एम.ए. करायचं हे डोक्यात घेऊन बसलेली. ते पण कशात, तर तत्त्वज्ञानात! आता ऐका, तिच्या अप्पांचं, रेवणसिद्ध अप्पांचं, चाकूरला बी-बियाण्याचं दुकान. तत्त्वज्ञान हा शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारलं होतं, "त्याला गिऱ्हाईक कोण?" पण पोरगी मागंच लागली, तेव्हा म्हणाले, "कौल लावू. देव म्हणल तसं." आणि काय सांगू, देवानं उजवा दिला! मंजूनं त्याच दिवशी बॅग खाली काढली.

पण गंमत बघा, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, अंजूला, त्याच महिन्यात डावा आला. मुरुडचा महांतेश, अंजूला पसंत, घरच्यांना पसंत, आणि देवाला न्हाई! अंजूच्या बापानं हात वर केले. अंजू रडली नाही, तिचा स्वभावच नाही तसा, पण तिनं भाजीत मीठ घालायचं सोडलं. घरातले जेवून राहिले गुपचूप.

अन् खरं म्हणजे इथूनच मंजूच्या डोक्यात भुंगा शिरला. कारण एकट्या अंजूचं असतं तर ठीक. शेषेरावाच्या बोअरला डावा. सोसायटीच्या गोदामाला डावा. मंजू सोडली तर ज्याला विचारावं त्याला डावा! पूर्वी असं नव्हतं. म्हातारे स्वामी होते तोवर लोक म्हणायचे, आपला वीरभद्र लई मोकळ्या मनाचा, मागाल त्याला हो म्हणतोय. स्वामी गेले आणि सालभरात देवाचा स्वभावच बदलला?

आता इथं एक माणूस मधे आणावा लागतो. मंजूच्या कॉलेजच्या दयानंद सरांनी तिला एका अमेरिकन तत्त्वज्ञाची पीडीएफ दिली होती. जुन्या काळातला दाढीवाला माणूस. त्याच्या नावाचा उच्चार सर दर तासाला वेगळा करायचे, म्हणून मंजू त्याला नुसतं 'आपला अमेरिकन' म्हणायची. तर त्या अमेरिकनाचं म्हणणं असं, की सगळं सुरळीत चाललेलं असताना माणूस विचार करतच नसतो. काहीतरी खटकतं, जीव बेजार होतो, तेव्हा कुठं डोकं चालू होतं. मग अंदाज बांधायचा: असं असं असेल, तर हे जे खटकलं ते साहजिकच आहे. पण अंदाज बांधून गादीवर बसायचं नाही. उठायचं आणि तपासायचं.

मंजूनं अंदाज बांधला. पंखा!

कारण गाभाऱ्यात नवा पंखा बसला तो याच साली. कुणी तरी नवस फेडायला दिलेला. अमेरिकनानं खुणांच्या तीन जाती सांगितल्यात. फोटो कसा माणसासारखा दिसतो, ती एक जात. धुरामागं जाळ असतोच, ती दुसरी. फूल जर वाऱ्यानं पडत असेल तर ते धुरासारखं झालं की, देवाचं नाही, वाऱ्याचं बोलणं बोलतंय. माणसावर संशय घेण्याआधी पंख्यावर घ्यावा, म्हणत ती अंजूला ओढत दुपारचीच देवळात गेली.

देवळात वीरेशस्वामी. हे नवे. म्हाताऱ्या स्वामींचे पुतणे, बीदरकडचे, वयानं कोवळे, मोबाईलवर मॅच बघून राहिले होते. मंजूचं म्हणणं ऐकून मोबाईल पालथा घातला.

"देवाची परीक्षा घेता काय हो तुम्ही?"

"देवाची न्हाई स्वामी, पंख्याची."

"आणि कुणी बघितलं तर?"

अंजू म्हणाली, "सांगू की पंखा दुरुस्तीला आलो."

वीरेशला हसू आलं, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. पंखा लावून फूल चिकटवलं. थांबले. फूल घसरलं. डावा. पंखा बंद केला, दुसरं फूल. टप. डावा! परत लावलं, परत डावा. पंख्याचा काही संबंधच नाही.

"पडला की गं तुझा अमेरिकन," अंजू म्हणाली. "तो पण डावीकडंच पडला."

"पडू दे. अंदाज चुकतात म्हणून तर तपासायचं असतंय," मंजू म्हणाली खरी, पण तोंड उतरलं होतं.

आणि तेवढ्यात, अरे ऐका, दानम्मा काकू आत आल्या! म्हाताऱ्या स्वामींची बायको. स्वामी गेल्यावर लेकानं पुण्याला नेलं होतं, तिथं करमेना म्हणून आदल्याच दिवशी परत आलेल्या. हातात वातींचा डबा. सवयीनं सरळ गाभाऱ्यात डोकावल्या, खाली पडलेलं फूल बघितलं आणि चेहरा असा फुलला.

"अगं बाई! उजवा दिला की! कुणाचं काम झालं?"

वीरेश म्हणाला, "काकू, डावा हाय तो."

"चष्मा पूस बाबा. देवाच्या उजव्या खांद्यावरून आलंय."

"देवाच्या?"

"मग काय तुझ्या? कौल देव देतोय का तू?"

वीरेशनं देवाकडं बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. देव समोर तोंड करून बसलेला, म्हणजे त्याचा उजवा तो आपला डावा. "आमच्या गावी..." तो हात खाली घेत म्हणाला, "आमच्या गावी भक्ताचा उजवा धरतात, काकू."

"धरत असतील. इथं देवाचा धरतात," म्हणून दानम्मा काकू वाती लावायला बसल्या. काय उलथापालथ झाली ते त्या माउलीच्या गावीच नाही.

मंजू तशीच उभी. तिसरी जात! अमेरिकनाची तिसरी जात तर हीच होती. शब्दासारखी खूण. तिच्यात जाळ पण नाही आणि धूर पण नाही, माणसांनी ठरवलं म्हणून तिला अर्थ. अन् ठरवणारी माणसं बदलली, तर तेच फूल, तोच देव, तीच जागा, आणि अर्थ उलटा. म्हणजे देव पूर्वीसारखाच पडत्या फुलाला एकाच बाजूनं सोडत होता. म्हातारे स्वामी हो ऐकत होते, वीरेश न्हाई ऐकत होता.

"मंजे!" अंजूनं तिला गदागदा हलवलं. "म्हणजे माझा उजवा! मुरुड पक्कं! माझा..." आणि मधेच थांबली. तिनं मंजूकडं बघितलं. कारण मंजूचं फूल पडलं होतं दुसऱ्या बाजूला. मंजूचा डावा होता.

वाती जळून राहिल्या.

"बोलायचंच न्हाई आपण," अंजू म्हणाली. "तू नांदेडला जा. मी काय, पळून पण जाईन."

"मीठ न घालता कुणी पळतंय का?" मंजू म्हणाली.

"चेष्टा नको गं."

वीरेश तर हातच जोडून उभा. "मला हाकलतील हो लोकं. मी आजपासून देवाचा उजवा धरतो. झालं गेलं राहू द्या ना."

तिघंही गप्प बसले असते तर झालंच होतं. मंजूला फक्त घरी जाऊन बॅग भरायची होती. आणि खरं सांगतो, तिनं भरली पण! दोन ड्रेस ठेवले, टॉवेल ठेवला, वर ती पीडीएफ छापून घेतलेली ठेवली, आणि तिथं हात थांबला. त्या माणसाचं सगळ्यात मोठं सांगणं हे होतं, की दुसरं काहीही करा, पण खरं शोधणाऱ्याच्या पुढं काटे टाकू नका. अन् काटे टाकून तेच शिकायला नांदेडला जायचं? हा अभ्यास पहिल्या दिवशीच नापास. तिनं बॅग तशीच उघडी ठेवली आणि देवळाकडं निघाली. सोमवार होता, आरतीला अख्खं गाव जमलेलं, अप्पा पुढंच बसलेले.

आरती झाली आणि मंजू उभी राहिली. पंख्यापासून सगळं सांगितलं. वीरेशला सांभाळून घेतलं, त्याच्या गावी ती रीतच आहे म्हणाली. दानम्मा काकूंनी मान डोलावली. मग जो गोंधळ! शेषेराव उठून ओरडला, "म्हणजे माझं बोअर हो होतं? मी आख्खा उन्हाळा टँकरचं पाणी पिलो की!" कुणी म्हणालं देवाचाच उजवा खरा, कुणी म्हणालं मागणारा आपण तर आपलाच उजवा. अंजूचा बाप मोबाईल काढून बाहेर पळाला, मुरुडला फोन लावायला.

अप्पा हलले नव्हते. गलका बसला तसं ते म्हणाले, "म्हणजे तुझा डावा."

"हाव, अप्पा."

"हे बोललीस तर काय हुईल, कळत होतं तुला?"

"हाव."

"मग संपलं. देव न्हाई म्हणलाय." पण म्हणताना त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

ती खाली बसणारच होती, आणि अप्पांच्या खिशातून डोकावणारी सोयाबीनच्या बियाण्याची पुडी दिसली. नमुना दाखवायला कायम असायची तशी.

"अप्पा, बियाण्याची नवी बॅग दुकानात आली की तुम्ही काय करता?"

"त्याचं इथं काय?"

"सांगा की."

"दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. कोंब किती फुटतात ते बघतो."

"पण उगवण चांगली हाय असं बॅगेवर छापलेलं असतंय."

"छापलेल्यावर कोण पेरतंय? शेतकऱ्याला दुबार पेरायला लावू का?"

"मग वीरभद्राला का विचारत न्हाई? फूल लावायचं, मोकळं व्हायचं."

अप्पा चिडले. "जे बघता येतंय, ते देवाला कशाला विचारायचं?"

बोलून गेले आणि थांबले. शेषेराव तर तोंड उघडं ठेवून बघून राहिला.

"मला पण बघता येतंय की, अप्पा," मंजू हळूच म्हणाली. "मला गोणपाटात घाला. नांदेडला एक सहामाही. कोंब न्हाई फुटला तर मी आपण होऊन परत येते, आन् जन्मभर तुमच्या गल्ल्यावर बसते. देवाला पण त्रास न्हाई, तुम्हाला पण."

अप्पांनी खिशातली पुडी काढली, हातात फिरवली, परत ठेवली. "गोणपाट रोज ओलं ठेवावं लागतंय," ते म्हणाले. "न्हाई तर चांगलं बी पण वाळून जातंय."

"मग रोज फोन करा."

"करतो," अप्पा म्हणाले, आणि उठून चपला शोधायला लागले. त्यांना चपला सापडल्याच नाहीत बराच वेळ. समोरच होत्या.

वीरेशला कुणी हाकललं नाही. देवळाच्या कमिटीनं गाभाऱ्याच्या भिंतीवर रंगानं 'हो' आणि 'न्हाई' लिहून टाकलं, आता उजवा कुणाचा का असेना. मुरुडला महांतेशचं दुसरीकडं ठरत आलं होतं, पण ठरलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते लोक परत येऊन राहिलेत. अंजूच्या घरची भाजी मात्र लगेच खारट झाली, भलतीच खारट.

आणि मंजू? ती नांदेडला हॉस्टेलवर. रोज संध्याकाळी, दुकानाचं शटर अर्धं ओढलं की अप्पांचा फोन. नमस्कार नाही, 'जेवलीस का' पण नाही, पहिला प्रश्न एकच.

"कोंब आला का?"

"येऊन राहिलाय, अप्पा. जरा वाकडा हाय."

"असू दे, असू दे. उजेडाकडं वळतोय."