अम्मांच्या नाकावरची दोन मिनिटे

मित्रांनो, माझी उजवी दांडी बारीक तारेने बांधलेली आहे. त्यावरूनच माझे वय ओळखा. मी एक जुना चष्मा आहे. केरळातल्या अलप्पुझाच्या एका दुकानात मी घडलो. श्यामलाताईंनी वीस चौकटींमधून मला उचलले, नवऱ्याच्या नाकावर ठेवले आणि त्या हसल्या, "आता कसे मास्तर दिसता! बोटवाला कोण म्हणेल?"

त्यांचे यजमान सुगुणन खाडीच्या पाण्यावर प्रवाशांची बोट चालवतात. माझ्यातून त्यांनी बोटीचे वेळापत्रक वाचले आणि पुढे ताईंच्या आजारपणातले औषधांचे कागदही. ताई गेल्या. त्यांची आई, भार्गवी अम्मा, जावयापाशीच राहिल्या. सहा वर्षे दोघांनी रोज तिन्हीसांजेला एकाच दिव्यापुढे नारायणाचे नाव घेतले, पण मनातले दुःख एकमेकांना कधी सांगितले नाही. मीही तेव्हा बराचसा टेबलावर पालथा पडून असे.

मग फोनवर, जोडीदार शोधायच्या एका ॲपमध्ये, सुगुणनना वत्सलाबाई भेटल्या. चेंगन्नूरच्या बालवाडीत शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या. रोज लिहिणे सुरू झाले आणि माझ्या काचा पुन्हा लखलखू लागल्या. पण बाई एकदा पोळलेल्या होत्या. स्वतःला कतारचा इंजिनियर म्हणवणाऱ्या एकाने दुसऱ्याच कोणाचा फोटो लावून त्यांना वर्षभर झुलवले होते. त्यांनी लिहिले, "राग मानू नका. तुमच्या नावापुढे खरेपणाची हिरवी खूण उमटली, तरच मी रविवारी येईन."

आता त्या खुणेसाठी ॲपचा हुकूम ऐका : चष्मा काढा, कॅमेऱ्यात पाहा, पडद्यावर लिहून येईल तसे करा. मला काढले की सुगुणनपुढे नुसते धुके! डोळे मिटायचे तेव्हा ते मान वळवत. दोनदा फसले. तिसऱ्यांदा फसले तर खाते बंद. मग बाई समजणार, हाही तसलाच.

"कोणाशी भांडतोयस त्या फोनमध्ये?" अम्मा दारात उभ्या होत्या, हाताला खोबऱ्याचा कीस लागलेला.

सुगुणननी खाली मान घालून सगळे सांगून टाकले. अम्मांनी हाताचा कीस पदराला पुसला.

"म्हणजे मी आता भावाकडे जायचं का रे?"

"अम्मा, तुम्ही इथेच राहणार, हे मी तिला पहिल्याच दिवशी लिहिलंय."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, सासूला सांभाळणारा माणूस खोटा नसावा. पण खूण हवीच."

"शहाणी दिसते," अम्मा म्हणाल्या. "आण तो चष्मा इकडे. मला तरी कुठे दिसतंय!"

देवाची करणी पाहा, जन्मात पहिल्यांदा मी अम्मांच्या नाकावर बसलो. कॅमेऱ्याला दुसरा चेहरा चालत नव्हता, म्हणून त्या भिंतीला चिकटून, बाजूने वाकून वाचू लागल्या. "डावीकडे बघ. अरे, तो जेवायचा हात! दुसरीकडे. हं. आता डोळे मीट. उघड. आता हस. हस म्हणतंय ते, रडायला नाही सांगितलं!"

सुगुणन खरोखरच हसले. किती वर्षांनी! हिरवी खूण उमटली. अम्मांच्या डोळ्यांतले पाणी मात्र माझ्या काचेवर पडले.

रविवारी वत्सलाबाई धक्क्यावर उतरल्या, घरी आल्या. चहा आणि उकडलेली केळी पुढे आली. सुगुणनच्या नाकावर मला पाहून त्या म्हणाल्या, "तार बांधलीय की! नवा घेऊ या ना."

सुगुणननी बोटाने तार चाचपली. अम्मांनी हळूच सांगितले, "माझ्या लेकीने निवडलेला आहे तो."

बाईंनी मला अलगद उतरवले, पदराने पुसले आणि परत नाकावर ठेवले. "मग नुसती दांडीच नवी बसवू."

मित्रांनो, मला काचांवर पालथा टाकू नका, मऊ फडक्याने पुसा. आणि घरात कोणाला अक्षर दिसेनासे झाले, तर जवळ बसून वाचून दाखवा. ते माणूस काय वाचायला धडपडते आहे, हे त्याशिवाय तुम्हाला कळायचे नाही.