उलट जोडणी

पोपटरावांनी इन्व्हर्टरच्या पेटीतला शेवटचा स्क्रू आवळला आणि ते जिन्याच्या पायरीवर टेकले. गच्चीवरच्या सोलर पॅनेलपासून पाइप भिंतीवरून अगदी ओळंब्यात उतरला होता. तीस वर्षांपूर्वी कर्वेनगरातल्या या बंगल्याचं वायरिंग त्यांनीच केलं होतं, म्हणून वासंतीताईंनी याही कामाला त्यांनाच बोलावलं. पोपटरावांची मुलगी आम्रपाली हिंजवडीची नोकरी सोडून आता सोलरचीच कामं घेते, हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या,

"घेऊ दे की. पण वायरी तुम्हीच जोडा. ती कॉम्प्युटर बघेल."

सुरू करण्याआधी आम्रपालीनं मीटर लावून पाहिला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं. लाल आणि काळी वायर उलटी जोडली गेली होती. तसंच सुरू केलं असतं, तर नवा कोरा इन्व्हर्टर जळाला असता.

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते रुमालानं मान पुसत होते.

"बाबा, पाइपच्या वरच्या क्लिपा मोजून येता? दोन कमी वाटतायत."

भिंतीला हात लावत ते हळूहळू वर गेले. आम्रपालीनं पॅनेलकडचा पुरवठा बंद केला, वायरी सोडवून बदलल्या, पुन्हा मीटर लावला.

"क्लिपा बरोबर आहेत," पोपटराव खाली येत म्हणाले.

"मग माझंच मोजायला चुकलं."

त्यांनी तिच्या हातातला मीटर घेतला, स्वतः तपासलं आणि मान हलवली. तिनं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, तशा वासंतीताई बाहेर आल्या.

"बघा! पोपटरावांचा हात लागला की काळजी नाही."

आम्रपाली खाली वाकून हत्यारं पिशवीत भरू लागली.

"ताई, मी वायरी उलट्या जोडल्या होत्या," पोपटराव म्हणाले. "हिनं सरळ केल्या. मला क्लिपा मोजायला पाठवलं, तेव्हाच कळलं मला."

वासंतीताई आम्रपालीकडे वळल्या.

"म्हणजे पुढच्या वेळी फोन हिला करायचा?"

"हिलाच. नंबर लिहून घ्या."

आम्रपाली नंबर सांगू लागली. सहा आकडे सांगून तिनं वडिलांकडे पाहिलं. उरलेले चार आकडे पोपटरावांनी, पाइपवरची धूळ पुसता पुसता, तोंडपाठ सांगितले.